आवडीचं नाव पाच वर्षांत शिळं झालं

मृदुलाताई, नमस्कार.

माझं वय ३४. नाशिकला असते. मोठा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, आणि आता पुन्हा सातवा महिना चालू आहे. प्रश्न वाचून हसाल, पण रात्री झोप लागत नाही म्हणून लिहितेय.

मोठ्याचं नाव रेयांश. मीच ठेवलं, शंभर नावं खोडून. वाटलं होतं, असं नाव कुणाचंच नसेल. आता त्याच्या वर्गात तीन रेयांश आहेत. बाई दोघांना ‘रेयांश पी’ आणि ‘रेयांश के’ म्हणतात, आमच्याला ‘छोटा रेयांश’. शिवाय दोन शिवांश आणि एक दिव्यांश. बागेत हाक मारायची मला लाज वाटते. एका काकांनी अर्थ विचारला, तर ‘सूर्याचा किरण’ असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

कॉलेजात असताना वहीच्या मागच्या पानावर मी माझ्या होणाऱ्या मुलांची नावं लिहून ठेवली होती. सानिका, ईशिता, यश, रोहन. परवा माहेरी ती वही सापडली. त्यातलं एकही नाव आज आवडत नाही. आता मला जुनी नावं आवडायला लागली आहेत. मुलगी झाली तर आजेसासूबाईंचं नाव ठेवावं असं मनात आहे: द्वारका. त्या ८६ वर्षांच्या आहेत, आमच्यातच असतात. लग्नात त्यांचं नाव बदलून द्वारका ठेवलं होतं. नवरा म्हणतो, ‘पाच वर्षांनी तुला हेही नकोसं होईल. मग काय, तिसरं मूल?’ सासूबाई म्हणतात, नक्षत्राचं अक्षर बघूनच ठेवा. दीर डॅलसहून सांगतो, इकडच्या लोकांना म्हणता येईल असं ठेवा.

रेयांशचं नाव आता बदलावं का? आणि माझ्या आवडीवर माझाच भरवसा राहिलेला नाही, तर दुसऱ्याचं नाव ठेवू कशी?

– छोट्या रेयांशची आई

*

छोट्या रेयांशच्या आईस,

तुला ‘तू’च म्हणते, माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची आहे. हसले नाही. तेहतीस वर्षं मी मराठी शाळेत हजेरी घेतली, १९८२ पासून २०१५ पर्यंत, आणि दर जूनमध्ये नवीन हजेरीपटावर नावं लिहिताना मला जे दिसत आलं ते तू तुझ्या वहीच्या एका पानावर पाहिलंस. तेव्हा हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, उत्तर लांबलं तर सोसून घे.

माझ्या पहिल्या वर्गाचा पट असा होता: संजय, राजेंद्र, सुनील, अनिल, संगीता, सुनीता, वंदना, शोभा. मधूनच एखादा पांडुरंग, एखादी रखमा, आणि ती मुलं आपलं नाव पुकारलं की मान खाली घालून ‘हजर’ म्हणायची. दहा वर्षांनी सचिन, अमोल, योगेश, संदीप, अश्विनी, वर्षा. आणखी दहा वर्षांनी अक्षय, ओंकार, ऋतुजा, प्रतीक्षा. निवृत्त होताना शेवटच्या पटावर सार्थक, आदित्य, श्रावणी, समृद्धी. पट बदलायचा तो हळूहळू, लग्नातल्या पंगतीसारखा. पहिल्या पंगतीचे काही लोक अजून ताक पीत बसलेले असतात आणि दुसरी पंगत पाट शोधत असते. पण वीस वर्षांपूर्वीचा पट काढून शेजारी ठेवला की दोन वेगळ्या गावांतली माणसं वाटायची. आणि प्रत्येक वेळी पालक मोठ्या विश्वासानं सांगायचे, ‘बाई, जरा वेगळं नाव ठेवलंय.’

१९९० साली माझ्या पाचवीच्या वर्गात चार सचिन होते. लोक आज ऐकलं की म्हणतात, तेंडुलकरमुळे. तेंडुलकर पहिली कसोटी खेळला १९८९ च्या नोव्हेंबरात. माझे चारही सचिन तेव्हा नऊ-नऊ वर्षांचे होते, चौथीत बसून पाढे म्हणत होते. त्यांच्या आया आणि तेंडुलकरची आई एकाच वाऱ्यात उभ्या होत्या, एवढंच. त्याचं नाव तर संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. स्टॅनली लिबरसन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं तिकडच्या नावांबद्दल हेच दाखवलं होतं, की प्रसिद्ध माणसामुळे नाव चालतं असं आपल्याला वाटतं, पण बरेचदा ते आधीच चालू लागलेलं असतं. लाट आधी येते, तिच्यावर बसलेला माणूस आपल्याला नंतर दिसतो.

तुझंही तेच झालं. तू शंभर नावं खोडलीस, ती कुणाच्या कानानं? तुझ्याच वयाच्या, तशाच शाळेत गेलेल्या, तीच गाणी ऐकलेल्या, त्याच मालिका पाहिलेल्या हजारो बायकांच्या कानानं. त्या सगळ्या त्याच वर्षी आपापल्या घरी बसून नव्व्याण्णव नावं खोडत होत्या. प्रत्येकीला राहुल, स्वप्नील, प्रियंका ही नावं वर्गातल्या मुलामुलींची म्हणून नकोशी, आणि सुरेश, रमेश ही काका-मामांची म्हणून नकोशी. मग उरतं काय? जे उरतं तेच सगळ्यांच्या हाती लागतं. वेगळं नाव शोधणाऱ्या बायका एकाच वाटेनं गेल्या आणि बालवाडीच्या दारात एकमेकींना भेटल्या.

‘आंश’चं तर तू विशेष वाईट वाटून घेऊ नयेस असं मला वाटतं. माझ्या वडिलांच्या पिढीत प्रभाकर, दिवाकर, सुधाकर, मधुकर, रत्नाकर, पद्माकर, दिनकर अशी एका पंगतीला बसतील इतकी माणसं आमच्याच आळीत होती. त्यांच्या बायका शालिनी, नलिनी, मालिनी. त्यांची मुलं सुरेश, रमेश, महेश, दिनेश. प्रत्येक पिढी एक शेपूट पकडते आणि सगळ्या नावांना तेच लावत सुटते. रेयांश, शिवांश, दिव्यांश हे आजचे प्रभाकर-दिवाकर आहेत. पंचाहत्तर वर्षांनी एखादी पणती म्हणेल, ‘आमचे रेयांशआजोबा’, आणि ते नाव तिला ताकाच्या रवीइतकं जुनं आणि गोड वाटेल.

अर्थाबद्दलही जाता जाता सांगते. ‘रेय’ म्हणजे किरण असा शब्द मी संस्कृत कोशात शोधला, मला सापडला नाही. इंग्रजी ‘रे’लाच कुणीतरी संस्कृतचं उपरणं पांघरलं असावं असा माझा कयास. पण म्हणून काय झालं? बंडू, बाळू, पिंट्या यांना तरी कुठे अर्थ आहे. दिगंबरचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तरी बारशाला कुणी हसत नाही. पुन्हा कुणी काकांनी विचारलं तर सरळ सांग, ‘अर्थ नाही, आवाज आवडला.’ खोटं सांगितल्यामुळे तुला जास्त लाज वाटतेय, नावामुळे कमी.

आता तुझा पहिला प्रश्न. नाही. बदलू नकोस.

कायद्यानं बदलता येतं. राज्य शासनाच्या राजपत्रात, म्हणजे आपण ज्याला गॅझेट म्हणतो त्यात, जाहिरात द्यायची, मग आधार, शाळेचं जनरल रजिस्टर, पासपोर्ट असा फेरा करायचा. कटकटीचं आहे, पण म्हणून मी नको म्हणत नाही. नको म्हणते ते अशासाठी की रेयांश हे आता तुझ्या आवडीचं किंवा नावडीचं राहिलेलंच नाही. ते साडेचार वर्षं वापरलेलं आहे. तापात तू त्याच नावानं त्याला उठवलंस, तो पहिल्यांदा वळून बघितला तो त्याच आवाजाला. त्याच्या दृष्टीनं वर्गात आणखी दोन रेयांश असणं ही अडचणच नाही, उलट मजा आहे. त्याला ते नाव नको झालं तर मोठा झाल्यावर तो स्वतः अर्ज करील. तुझा कान बदलला म्हणून त्यानं आपलं नाव उतरवून ठेवायचं, हे मला पटत नाही.

नाव बदलणं मला सरसकट नापसंत आहे असं मात्र समजू नकोस. माझ्या वर्गात एक नकुशी होती. तीन बहिणींच्या पाठची, नकोशी झालेली म्हणून नकुशी, पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. तिची हजेरी घेताना वर्षभर माझी जीभ अडखळायची. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचं जाहीर समारंभात नव्यानं बारसं झालं. कुणी नटीचं नाव घेतलं, कुणी देवीचं. त्या दिवशीचं वर्तमानपत्र मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. नाव टोचत असेल तर ते काढून टाकायलाच हवं. पण टोचतं कुणाला ते बघावं. नकुशीचं नाव नकुशीला टोचत होतं. रेयांशचं नाव फक्त त्याच्या आईला टोचतंय.

आणि तुला ते का टोचतं, यावरही जरा बोलू. आवड बदलली याचा तुला धसका बसलाय, जणू काही चूक पकडली गेली. अगं, सतराव्या वर्षी वहीत लिहिलेली नावं ही मुलांची नव्हतीच. ती तुझ्या स्वप्नातल्या घराची होती. सानिका म्हणजे त्या घरातल्या पडद्यांचा रंग. मला त्या वयात ‘मृणालिनी’ आवडायचं, कारण मृणालिनी नावाच्या मुलीला लांब वेणी असणार आणि ती सतार वाजवत असणार अशी माझी खात्री होती. माझ्या मुली झाल्या तेव्हा मी मृणालिनी ठेवलं नाही. तेव्हा सतारीपेक्षा दूध वेळेवर येणं महत्त्वाचं वाटत होतं, आणि हाक मारायला दोन अक्षरं पुरेत असं वाटलं.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. माझं माहेरचं नाव उषा. वर्गात आम्ही चार उषा होतो, तुझ्या रेयांशसारख्याच. मला मोठी उषा म्हणायचे, उंचीवरून. मला ते नाव अजिबात आवडायचं नाही. पाण्याच्या बादलीसारखं वाटायचं, घरोघरी असलेलं. १९८० साली लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नाव लिहिलं: मृदुला. मी मनातून इतकी खूश झाले की विचारू नकोस. कसं शहरातलं, मऊ, एखाद्या गायिकेचं असावं तसं नाव! मैत्रिणींना पत्रं लिहिताना खाली तीन-तीनदा सही करायचे.

वीसेक वर्षं ती खुशी टिकली. पुढे माहेरची माणसं एकेक करून कमी झाली. उषा म्हणणारी शेवटी एकटी आई उरली होती. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आता उषा अशी हाक मला कुणीच मारणार नाही. बादलीसारखं वाटणारं ते नाव मला तेव्हा इतकं हवंसं झालं की मी बँकेच्या पासबुकावर ते कंसात घालून मिळेल का म्हणून विचारायला गेले होते. नाही मिळालं. तर आवड अशी फिरते. नाव तेच होतं, दोन्ही अक्षरं धरून काना-मात्राही तीच होती, मधली माणसं बदलली.

म्हणून तुझ्या नवऱ्याचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. पाच वर्षांनी द्वारकाही तुझ्या कानाला जुनं लागेल. किंबहुना आणखी एक कडू गोष्ट सांगते: द्वारका तुला आवडतंय हेही तुझं एकटीचं नाही. सध्या सगळीकडे हेच चालू आहे. जिजा, रमा, मुक्ता, अहिल्या, जानकी, राघव, माधव, केशव. माझ्या नातवाच्या वाढदिवसाला आलेल्या मुलांत एक केशव आणि एक रमा होती, वय वर्षं तीन. आईवडिलांच्या पिढीची नावं कुणालाच नको असतात, त्यांना मंगळवारच्या भाजीचा वास येतो. पण पणजीच्या नावाचा वास उडून गेलेला असतो, नुसता अत्तराचा डबा उरतो. म्हणून नाव परत यायला तीन-चार पिढ्या लागतात. तुला द्वारका सुंदर वाटतं आणि सुनंदा नाही, याचं कारण एवढंच की सुनंदा नावाच्या बाईंनी तुला शाळेत छड्या मारल्या असतील. तुझ्या मुलीच्या लग्नात सुनंदाची पाळी येईल.

मग करायचं काय? आवाजाच्या भरवशावर राहायचं नाही. आवाज विटतो, कारण असेल तर ते विटत नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्यानंतरच्या पटांवर मला ते दिसलं. आजोबा कचरू किंवा धोंडू, बाप गौतम, आणि माझ्या वर्गात मिलिंद, सिद्धार्थ, संघमित्रा, प्रज्ञा. दाखल्यावर तिन्ही पिढ्या एका ओळीत वाचता यायच्या. मिलिंद हा त्या ग्रीक राजाचा, नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणाऱ्याचा. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली काढलेल्या कॉलेजलाही पुढे तेच नाव. त्या आईबापांना नाव ‘गोड’ वाटतं का, हा प्रश्नच नव्हता. मिलिंदची फॅशन आली आणि गेलीही असेल, पण त्या घरांतल्या एकाही मिलिंदच्या आईला आपलं चुकलं असं वाटलेलं मी पाहिलं नाही. आता हे फार मोठं उदाहरण झालं. लहान सांगते. सुनील गावसकरनं मुलाचं नाव रोहन ठेवलं ते वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हाय या फलंदाजावरून. तुझ्या वहीत रोहन होता तो कानाला बरा वाटला म्हणून. नाव एकच, पण गावसकरच्या घरी ते शिळं होणार नाही, कारण त्यामागे एक माणूस उभा आहे.

तुझ्या द्वारकेमागेही माणूस आहे, आणि तो पलीकडच्या खोलीत बसलेला आहे. हे तुझं बळ. फक्त मनाशी एकदा तपासून बघ, की तुला द्वारका हे नाव हवंय की द्वारकाआजी हव्यात. नाव हवं असेल तर आणखी दोन वर्षं थांबलीस की त्याचाही रेयांश होईल. आजी हव्या असतील तर खुशाल ठेव.

ठेवलंस तर एक अडचण येईल, तिची आत्ताच सोय कर. पूर्वी नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत होती, पण सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही हीसुद्धा रीत होती. मग आपल्याच पोराला हाक कशी मारायची? म्हणून घरोघरी बाळ, बापू, नाना, अप्पा झाले. पेशव्यांच्या घरी बघ: आजोबा बाळाजी विश्वनाथ, मुलगा बाजीराव, नातू पुन्हा बाळाजी, आणि त्या नातवाला सगळा मुलूख ओळखतो नानासाहेब म्हणून. तू सासऱ्याचं नाव न घेणारी नाहीस, ठाऊक आहे. पण ८६ वर्षांची बाई समोर बसलेली असताना ‘द्वारके, कार्टे, ताटातलं संपव आधी!’ असं तुझ्या तोंडून निघेल का, याचा विचार कर. नाही निघणार. तेव्हा घरचं एक नाव लागेल. ते तू ठरवू नकोस, रेयांशला ठरवू दे. तसंही साडेचार वर्षांच्या जिभेला ‘द्वा’ झेपत नाही. तो जे काही म्हणेल तेच पुढची साठ वर्षं चालेल.

सासूबाईंच्या अक्षराचं सोपं आहे. नावरसाचं नाव वेगळं असू शकतं, पत्रिकेत लिहून ठेवायचं आणि मुंजी-लग्नाला काढायचं, पूर्वी असंच करत. त्यांनी फारच धरून ठेवलं तर पंचांगातलं अवकहडा चक्र उघडून त्यांच्यासमोर ठेव. आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ आहे. ‘ङ’वरून नाव सुचवा म्हणावं. हसतील आणि विषय मिटेल.

दिराला सांग की डॅलसच्या लोकांना द्वारका म्हणता येईल, ळ नाही त्यात. (परदेशी जिभेच्या भीतीनं आपण नावांतला ळ आधीच घालवून बसलोय. मंगळाची मंगला झाली, गोपाळचा गोपाल. ज्ञानेश्वर ठेवायला तर आता धाडसच लागतं. पण ते माझं रडगाणं वेगळं, त्यासाठी निराळं पत्र पाठव.)

एक व्यवहाराची गोष्ट. दवाखान्यात फॉर्म पुढे करतील आणि नाव लिहा म्हणतील. घाई करू नकोस. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवाय होते. नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत तर काही पैसेही पडत नाहीत. बाराव्या दिवशी बारसं करायचं ते खुशाल कर. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याखालून बाळ फिरवा, आत्येनं कानात कुर्र करावं, तिच्या पाठीत धपाटे पडावेत, घुगऱ्या वाटा. पण कागदावर चढवायच्या आधी महिनाभर ते नाव घरात वापरून बघ. रात्री तीनला, बाळ रडत असताना, दमलेल्या आवाजात ते तोंडून कसं निघतं ते महत्त्वाचं. दुपारी यादी करताना सगळीच नावं छान वाटतात.

आणखी एक, जे रेयांशच्या वेळी नव्हतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहितात. म्हणजे या बाळाच्या नावाला तुझं नाव कायमचं चिकटणार. तू पत्राखाली ‘छोट्या रेयांशची आई’ अशी सही केलीस, त्यामुळे तुझं नाव मला ठाऊक नाही. पण चारही शब्द एकत्र मोठ्यानं म्हणून बघ. आमच्या ओळखीत एकीला तेव्हाच प्रथम कळलं, की आपलं स्वतःचं नाव तिला कधीच आवडलं नव्हतं.

मुलगा झाला तर काय, ते तू लिहिलंच नाहीस. बहुधा तिथे यादी अजून शंभरावर अडली असेल. तिथेही हेच कर. आधी माणूस शोध, मग नाव. आणि ‘वेगळं’ हा शब्द यादीच्या वर लिहू नकोस.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, त्याकडे येते. तू लिहितेस, लग्नात त्यांचं नाव बदलून द्वारका ठेवलं. एवढंच. माहेरी त्या कोण होत्या ते पत्रात नाही. तुला ठाऊक नसावं, आणि तुझ्या नवऱ्यालाही नसावं. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, कर्व्यांची आनंदी माहेरची गोदावरी. ती माणसं नामांकित म्हणून निदान तांदळाखाली गेलेली त्यांची नावं आपल्याला माहीत तरी आहेत. तुमच्या घरातलं नाव पुसलं गेलं त्याला सत्तरएक वर्षं होत आली असतील. ते नाव म्हणणारं आज कुणी असेल असं मला वाटत नाही.

आणि द्वारका हे त्यांना आवडतं का, हेही कुणी विचारलेलं दिसत नाही. कदाचित माझ्यासारखं हरखून तीन-तीनदा सही केली असेल. कदाचित सासूनं ठेवलेलं म्हणून आयुष्यभर नुसतं वागवलं असेल. मग ते पणतीला चिकटवणं त्यांना सन्मान वाटेल की काय वाटेल, तूच सांग.

दुपारची जेवणं आटोपली, की सुपारीचा डबा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बस. रेयांशलाही घेऊन जा, असले प्रश्न मोठ्यांपेक्षा पोरांना नीट विचारता येतात. त्याला म्हणू दे, ‘पणजी, तू लहान होतीस तेव्हा तुझं नाव काय होतं?’ त्या काय सांगतात ते मला कळव.

तुझी,
मृदुला (उषा)